पिकअपचे पोचे-ओरखडे: काढून घेता की तशीच पळवता? अनुभव सांगा

शिवारवाट
काल नारायणगावला टोमॅटो बाजारात रिव्हर्स येणाऱ्या एका पिकअपने आमच्या बोलेरो पिकअपचं ड्रायव्हर बाजूचं दार घासून नेलं. चालवणारं पोरगं वीस-बावीसचं. उतरलं ते थेट माझ्या पायाशी वाकलं, "काका, मालकाला फोन नका करू." काय बोलणार? जा म्हटलं.

दाराला वीतभर पोचा, खाली दोन ओरखडे. फाळका (हौद्याचं मागचं झाकण) आधीपासूनच वाकडा आहे. हौद्याला तर इतके पोचे आहेत की कुठला कधीचा ते मलाही सांगता येणार नाही. मुलगा म्हणतो, आता पूर्ण गाडीच करून घेऊ. बायको म्हणते, कशाला, परत बाजारातच जायची आहे ना ती.

रात्री पडल्या पडल्या वडिलांची मॅटाडोर आठवली. दर दसऱ्याला वडील तिला ब्रशने ऑइलपेंट मारायचे, पोच्यासकट, गंजासकट. आदल्या वर्षीचा रंग खरवडायची पद्धत नव्हती. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाने दाराचा एक टवका नखाने उडवला, आत निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली परत निळा. तो वडिलांना म्हणाला, "दादा, आत पत्रा आहे का नुसता रंगच?" वडील आठवडाभर कोणाशी धड बोलले नव्हते.

तर तुम्ही काय करता? कामाच्या गाडीवर असा खर्च करावा का?

कांदाभजी
क्रेटला काय भाव मिळाला ते सांगा आधी.

शिवारवाट
नका विचारू.

कांदाभजी
मग नका काढू पोचे 😀

बंदरावरची
आमची गाडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी भरते. पोच्याकडे आमच्यात कोणी बघत पण नाही. पण ओरखडा दिसला की नवरा त्याच दिवशी पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) लावतो, रंग नंतर मिळेल तेव्हा. खारं पाणी, बर्फाचं पाणी, वर समुद्राची हवा. उघडा पत्रा पावसाळ्याअगोदर भोक पाडून मोकळा. पोच्यात रंग तुटला नसेल तर पत्रा झाकलेलाच राहतो, तो दिसतो वाईट एवढंच.

दिराने हौद्यात जाड रबरी मॅट चिकटवून घेतली होती, फरशीला चरे पडू नयेत म्हणून. पाणी खाली मुरलं ते तिथेच राहिलं. मॅट उचलली तेव्हा खालचा रस्ता दिसत होता. आम्ही सुटी मॅट टाकतो, रोज काढून धुतो. कुकरची शिट्टी झाली, जाते.

मांडववाले
आम्ही पुण्यात फुलं आणि डेकोरेशनचं सामान नेतो. आमच्यात गाडी चकाचक लागते हो. पोचे असले की सोसायटीचा वॉचमन मागच्या गेटला पाठवतो, "टेम्पो इकडून नाही." माल तोच, माणसं तीच. रंग मारून आणला तर तोच वॉचमन "या साहेब". गिऱ्हाईक कोण आहे त्यावर आहे सगळं. टोमॅटोच्या आडत्याला तुमच्या दाराशी काय देणंघेणं?

पत्रेवाल्याची लेक
वडिलांचं सांगलीला डेंटिंगचं गॅरेज होतं, माझं लहानपण लांबीच्या (पत्र्याचे खड्डे भरायच्या पुटीच्या) वासात गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. अडखळलं नाही तर रबिंग कंपाउंडने बहुतेक निघून जाईल, घरी पण जमतं. अडकलं तर आत काय दिसतंय बघा. राखाडी दिसलं तर प्रायमर शिल्लक आहे, थोडा वेळ आहे. चकाकलं किंवा तपकिरी झालं तर पत्रा उघडा पडलाय. तिथे बंदरावरच्या ताई म्हणतात तसं लगेच रेड ऑक्साइड.

पोच्याला दोन प्रश्न. दार उघडताना-लावताना जोर लागतो का, आणि बंद केल्यावर फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. फट बदलली असेल तर मार बिजागरीपर्यंत किंवा खांबापर्यंत गेलाय, ते काम टाळू नका. पावसात पाणी आत येईल, दार खडखडेल. नुसता मधला पत्रा आत गेला असेल तर दहा वर्षं तसाच राहिला तरी गाडीला काही होत नाही.

आणि करून घ्यायचंच असेल तर समोर उभं राहून करून घ्या. चांगला माणूस आतून डॉली (टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा) धरून बाहेरून हातोडीने पत्रा जागेवर आणतो आणि मग वर पातळ लांबी. आळशी माणूस पोचा तसाच ठेवून लांबीने भरतो, महिनाभर सुरेख दिसतो, मग ती लादीसारखी सुटते. कामाच्या गाडीला हादरे जास्त, म्हणून लवकर सुटते. बाबा गिऱ्हाइकाला लोहचुंबक द्यायचे, लावून बघा म्हणून. जाड लांबीवर तो धरत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही खिशात एक ठेवा.

शिवारवाट
ताई, आत्ता अंधारात टॉर्च घेऊन नख फिरवून आलो. एक ओरखडा चकाकतोय. फट सारखीच वाटते. बायको खिडकीतून विचारतेय काय चाललंय.

हायवेचा राजा नाही
मी मालक नाही, ड्रायव्हर आहे, लातूरकडचा. आमची बाजू पण ऐका. मालकाने गाडी रंगवून आणली की आमचं मरण. बाजारात तीनशे गाड्या, हमाल क्रेट फेकतो, दुचाकीवाला हँडल घासून जातो, आन् चरा दिसला की पगारातून कट. पोचे आलेल्या गाडीवर माणूस निवांत चालवतो. पहिल्या मालकाने नवी गाडी दिली व्हती, म्या रात्री हाटेलात जेवताना बी खिडकीतून गाडीकडंच बघायचो. पाया पडलेल्या पोराला सोडलं तुम्ही, लई चांगलं केलं काका.

मांडववाले
@हायवेचा राजा नाही, कट करणं चुकीचंच. पण काहीच विचारलं नाही तर आमच्याकडचे गाडी खांबाला टेकवूनच थांबवतात हो.

हायवेचा राजा नाही
पार्किंगचा सेन्सर बसवा मग साहेब 😀

डॅलसकर
इथे टेक्सासात वसंतात गारा पडतात. एका संध्याकाळी माझ्या फोर्ड एफ-१५० ट्रकच्या बॉनेटचं इडलीपात्र झालं. २०१५ पासून या ट्रकची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे लोखंडी पत्र्यासारखी गंजायची भीती नाही. पण काम महाग. अॅल्युमिनियमसाठी हत्यारं वेगळी ठेवावी लागतात, लोखंडाचे कण त्यात बसले तर तिथून रंग फुगतो. प्रत्येक दुकान ते करत नाही.

कर्ज फिटलेलं होतं, विम्याचा चेक माझ्याच नावावर आला. मी चेक ठेवला, पोचे पण ठेवले. पुढच्या वसंतात परत गारा पडणारच आहेत. फक्त आता विमेवाले त्याच पोच्यांचे पुन्हा पैसे देणार नाहीत, आणि विकताना किंमत कमी येईल, हे धरून चालायचं.

कांदाभजी
इडलीपात्र 😂😂 किती इडल्यांचं?

डॅलसकर
लग्नाच्या पंगतीचं.

जुना सर्व्हेअर
विम्याचा विषय निघालाच आहे तर. मालवाहू गाडीची पॉलिसी कारसारखी नसते, ते बऱ्याच जणांना क्लेमच्या दिवशी कळतं. बंपर, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे भाग, दिवे, टायर आणि रंगकाम यांचं नुकसान साध्या पॅकेज पॉलिसीत गाडी पूर्ण बाद झाली तरच धरलं जातं. बाकी वेळी हवं असेल तर आयएमटी २३ नावाचं कलम जादा प्रीमियम भरून घ्यावं लागतं, आणि घेतलं तरी साधारण निम्मा भार आपल्याच खिशावर. पॉलिसीच्या कागदावर आयएमटीचे आकडे छापलेले असतात, २३ आहे का बघा.

असला तरी एका दारासाठी क्लेम करू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एका क्लेमने पुन्हा शून्य. दाराच्या खर्चापुढे पुढच्या नूतनीकरणात किती जातील याचा हिशेब आधी करा. बहुतेक वेळा खिशातून केलेलंच स्वस्त पडतं.

शिवारवाट
कागद बघितला. २३ नाही. एजंटाने विचारलंही नव्हतं, पण मीही कधी वाचला नव्हता म्हणा.

वऱ्हाडी ठेचा
पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) कधी हाय भाऊ? आमच्याकडे तर सगळे पोचे पासिंगच्या तारखेपर्यंत जपून ठेवतात. आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, मंग दरवर्षी. तवा फाळका सरळ, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या नव्या, नंबर नवा, सगळं एकदमच. मधात केलं तर डबल खर्च होते न.

शिवारवाट
पासिंग पुढच्या मार्चला. हे डोक्यातच आलं नव्हतं.

चिंचगूळ
माझ्या स्कुटीला पण एक ओरखडा आहे, त्यावर मुलीने फुलपाखराचं स्टिकर लावलंय. चालेल का इथे लिहिलेलं?

बंदरावरची
चालेल की. स्टिकरखाली गंज धरतो मात्र, काढून बघ एकदा.

चिंचगूळ
अगं नको घाबरवू 😭

पेंटरबाबू
अवांतर: मागच्या फाळक्यावर काय लिहिलंय तुमच्या? महाराष्ट्रात २०१५ ला 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली तेव्हा आमच्या गावच्या पेंटरकडे पंधरा दिवस रांग होती, सगळे पुसून "आईचा आशीर्वाद" करून घेत होते. एकाने हॉर्न आणि प्लीज पुसून मधला ओके तेवढा ठेवला. अजून फिरतोय.

शिवारवाट
आमच्या फाळक्यावर दोन्ही पोरांची नावं आहेत. धाकट्याचं वाकलेल्या बाजूला आलंय, त्यावरून रोज ऐकून घेतो.

तर ठरवलंय असं: चकाकणारा ओरखडा उद्याच घासून रेड ऑक्साइड. फाळका या आठवड्यात, कारण त्याची कडी नीट बसत नाही आणि माळशेजच्या उतारावर मागचे क्रेट सरकतात, ते दिसण्याचं काम नाहीच. दाराचा पोचा आणि हौदा पासिंगला. मुलगा रुसलाय. तो लग्नाचा आहे, त्याला गाडी घेऊन मुलगी बघायला जायचंय बहुतेक.

पत्रेवाल्याची लेक
फाळक्याची कडी बघताना बिजागरीच्या पिना पण बदलून घ्या, वाकलेल्या पिनांवर नवा फाळकाही बसत नाही. आणि मुलाला सांगा, दुचाकीवर जा म्हणावं.

हायवेचा राजा नाही
लग्नात बोलवा काका, गाडी मीच धुतो.

डॅलसकर
@बंदरावरची ताई, मिरकरवाडा वाचल्यापासून सुक्या बांगड्याची आठवण काढतोय. पार्सल होतं का हो इकडे?

बंदरावरची
कुरिअरवाला वास घेऊनच परत पाठवतो. तुमच्या ओळखीचं कोणी दिवाळीत इकडे येणार असेल तर सांगा, तीन पिशव्यांत बांधून देते. जवळा पण देऊ का?