मदत हवी आहे: दुर्मिळ ऑर्किडचा अधिवास-नकाशा झाला, पण वनखात्याच्या हाती द्यायचं काय?

नमस्कार मंडळी. नागपुरात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतेय. विषय मेळघाटातलं जमिनीवर उगवणारं एक ऑर्किड: हवामान बदललं तर ते कुठे टिकेल आणि आत्ता कोणत्या जागा आधी राखायच्या. अमरकंदाच्या (औषधासाठी ज्यांचे कंद खणतात त्या ऑर्किडांच्या) गोतावळ्यातलं आहे, एवढंच सांगते. नाव आणि जागा मुद्दाम देत नाही. कंद उकरणाऱ्यांना घरपोच पत्ता कशाला द्या! ओळखलंत तरी कृपया प्रतिसादात लिहू नका.

आतापर्यंत केलेलं काम: मॅक्सएंट (नोंदींवरून योग्य अधिवास वर्तवणारं सॉफ्टवेअर), वर्ल्डक्लिम या हवामान-विदासंचाचे १९ थर (प्रत्येक थर म्हणजे एका हवामान-घटकाचा नकाशा), साधारण १ किलोमीटरचा चौकोन. पाऊस आणि तापमान एकत्र मिसळणारे चार थर (८, ९, १८, १९) काढले, कारण त्यांच्यामुळे नकाशावर भलत्याच सरळ रेघा उमटतात. भविष्यासाठी एसएसपी २-४.५ आणि ५-८.५ (मध्यम आणि खूप जास्त उत्सर्जनाची चित्रं), कालखंड २०४१-६० आणि २०६१-८०. एयूसी (मॉडेल किती नीट ओळखतं त्याचा गुण, कमाल १) ०.९ च्या वर. गाइड खूश आहेत, मी नाही.

झाड सापडल्याच्या नोंदी वीसच्या आत, त्याही बहुतेक रस्त्याकडेच्या. हर्बेरियमच्या (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाच्या) जुन्या शीटवर नुसतं 'चिखलदरा' लिहिलेलं. पठारावरचं की दरीतलं? तिथे कड्यावरून खाली उतरलं की एकाच चौकोनात हवा पालटते. आयनॅचरलिस्टवर (लोकांनी टाकलेल्या निसर्गनोंदींच्या साइटवर) तर धोक्यातल्या प्रजातीचा बिंदू मुद्दाम ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेही टाकतात, म्हणजे वीसेक किलोमीटर इकडे-तिकडे. तेवढ्यात परतवाड्याकडची सपाट शेतं आणि चिखलदऱ्याचं पठार दोन्ही मावतं. शिवाय थंडीत या झाडाचं जमिनीवर काहीच दिसत नाही, त्यामुळे 'सापडलं नाही' याला 'नाही' म्हणता येत नाही.

दुसरी पंचाईत भविष्याच्या नकाशाची. तापमान वाढलं की ऑर्किड वर सरकतं म्हणे. पण मेळघाटातला सर्वांत उंच माथा वैराट ११७८ मीटर, त्याच्या वर जागाच नाही. मॉडेल मग मध्य प्रदेशातल्या पचमढीकडचे डोंगर हिरवे, म्हणजे योग्य, रंगवतं. बी धुळीसारखं, वाऱ्यावर जाईलही. पण त्या बियांत स्वतःची शिदोरी नसते; मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतात. त्या बुरशीचा थर कुठून आणू?

एका वन अधिकाऱ्यांना नकाशा दाखवला. म्हणाले, "मॅडम, रंग छान आहेत. कोणत्या बीटमध्ये, कोणत्या कक्षात जायचं ते सांगा." (बीट म्हणजे एका वनरक्षकाचा भाग, कक्ष म्हणजे त्यातला जंगलाचा क्रमांकित तुकडा.) त्यांचं काही चुकलं नाही.

तर विचारायचं असं, की इतक्या कमी नोंदींवर मॉडेल तपासायचं कसं? आणि १ किलोमीटरच्या रंगांवरून कक्षाच्या यादीपर्यंत कुणी पोचलंय का?

डोंगरउतार: एयूसीवर जाऊ नका. पार्श्वभूमी (नोंदींशी तुलनेसाठी मॉडेल जिथून बिंदू घेतं तो प्रदेश) अख्ख्या भारताची घेतली असेल तर राजस्थानातलं थारचं वाळवंट आणि मेळघाट वेगळे ओळखल्याचेच गुण मिळतात. पार्श्वभूमी सातपुड्यापुरती ठेवा आणि तिचे बिंदू इतर ऑर्किडांच्या नोंदींमधून घ्या, म्हणजे रस्त्याकडेचा कल दोन्हीकडे सारखा येईल. २५ पेक्षा कमी नोंदींसाठी पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मादागास्करच्या पालींवर वापरलेली रीत बघा: दर वेळी एक नोंद बाहेर ठेवायची आणि उरलेल्यांवरून ती सापडते का पाहायचं. 'चिखलदरा' एवढंच लिहिलेल्या शीट मॉडेलमध्ये घालू नका, इतिहास म्हणून ठेवा.

भविष्यासाठी एकच हवामान मॉडेल घेतलंय का? मध्य भारताच्या पावसावर त्यांचं एकमत नाही. चार-पाच घ्या आणि जिथे सगळी जुळतात तेवढंच रंगवा. पचमढीचा हिरवा रंग वेगळ्या नकाशात टाका, 'हवामान चालेल, पोचेल का माहीत नाही' असं शीर्षक देऊन.

आणि आययूसीएनच्या लाल यादीसाठी (धोक्यातल्या प्रजातींच्या यादीसाठी) व्याप्त क्षेत्र, म्हणजे प्रजातीनं प्रत्यक्ष व्यापलेली जागा, काढताना रंगीत नकाशा मोजू नका. खऱ्या नोंदी असलेले २ बाय २ किलोमीटरचे चौकोन मोजा. वीस चौकोन धरले तरी ८० चौ. किमी, 'संकटग्रस्त'ची मर्यादा ५०० आहे. मात्र नुसत्या आकड्यावर दर्जा मिळत नाही, घट चालू आहे वगैरे अटीही दाखवाव्या लागतात.

चारोळी: ताई, मी परतवाड्याकडचा. तुमच्या मॉडेलला कुदळ दिसत नाही. २०६० ची गोष्ट राहू द्या, या पावसाळ्यात कंद गेला तर संपलं. कोरकू गावातल्या जाणत्या बायांना सोबत घ्या. पानावरून कंद सांगतात त्या, आणि पूर्वी कुठे भरपूर होता तेही.

कक्षांचं सोपं आहे. वनखात्याच्या कार्य आयोजनेतला (जंगल-व्यवस्थापनाच्या आराखड्यातला) कक्ष-नकाशा तुमच्या नकाशावर चढवा, प्रत्येक कक्षाला आजचा आणि भविष्याचा सरासरी गुण द्या. दोन्हीकडे चांगले असलेले कक्ष पहिले. त्यातले फुलोऱ्यात आधी पायी पालथे घाला, मग यादी द्या. वनरक्षकाला झाड ओळखता यावं म्हणून फुलाचा नाही, पानाचा फोटो द्या. फूल चार दिवस, पान चार महिने.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. पार्श्वभूमी अख्ख्या भारताचीच आहे, आज रात्री बदलून चालवते. पानाच्या फोटोचं डोक्यातच आलं नव्हतं. एक उरलंच: अमरावती रोडवरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे मातीचे थर कुणी मॉडेलमध्ये वापरलेत का? अर्ज कसा करायचा असतो?