भूत अख्खं दाखवलं की भीती जाते! (रोम्युलस, मुंज्या, सबस्टन्स आणि एक मांजर)

रातकिडा
स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांना चालत नाहीत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

बघायचे राहून गेलेले सिनेमे सध्या एकेक करून संपवतोय. 'एलियन: रोम्युलस', 'मुंज्या', 'द सबस्टन्स' आणि मध्येच चवीत बदल म्हणून 'फ्लो' हा लॅटव्हियाचा अ‍ॅनिमेशनपट. गंमत म्हणजे या सगळ्यांत पोटात गोळा आला तो 'फ्लो' बघताना. त्यात भूत नाही, परग्रहावरचा प्राणी नाही, संवाद तर एकही नाही. एक मांजर आणि चढत जाणारं पाणी. पाणी का चढतंय? सांगत नाहीत. माणसं कुठे गेली? घर आहे, मांजर झोपतं तो पलंग आहे, लाकडात कोरायला घेतलेलं काम तसंच पडलंय. माणूस नाही. हे कोणी समजावून सांगत नाही म्हणून ते डोक्यातून जात नाही.

उलट 'रोम्युलस' बघा. पहिला तास झकास. ते तोंडाला चिकटणारे प्राणी अंगाच्या उष्णतेवरून माग काढतात म्हणून खोलीचं तापमान माणसाच्या अंगाइतकं वाढवतात आणि घामाने निथळत, आवाज न करता त्यांच्यामधून चालत जातात. तिथे मी खरंच श्वास धरून होतो. आणि शेवटी काय? माणूस आणि एलियनचं ते संकरित पोर पुढ्यात आणून उभं केलं. घ्या, नीट बघून घ्या. बघितलं. भीती गेली.

'मुंज्या'त सुरुवातीचा १९५२ सालचा कोकणातला भाग जमलाय, मग कॉम्प्युटरवर बनवलेलं ते कार्टं जे बडबडायला लागतं ते थांबतच नाही. 'सबस्टन्स'चा शेवटचा अर्धा तास म्हणजे नुसता रक्ताचा पाइप फुटलाय.

माझं म्हणणं एवढंच, की भूत अख्खं दाखवलं, त्याचं कूळ-मूळ सांगितलं, की खेळ खलास. १९७९ च्या पहिल्या 'एलियन'मध्ये तो प्राणी एकूण मिळून काही मिनिटंच पडद्यावर आहे. तेवढंच पुरतं. पटतंय का?

तिसरी घंटा
अजिबात नाही. एका शब्दात उत्तर: तुंबाड.

सिनेमा सुरू होतो तोच सगळं सांगून. पूर्तीची देवी, तिचं पहिलं पोर हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, बाकीच्या देवांनी त्याच्यावर केलेला हल्ला, आईने त्याला परत पोटात घेणं. कूळ-मूळ, पत्ता, खाणं, सगळं पहिल्या पाच मिनिटांत. नंतर हस्तर दिसतोही चांगला, लाल, समोरासमोर. पिठाची बाहुली टाकली की तो येतो, पिठाचं रिंगण असेल तर आत शिरत नाही, सोन्याच्या मुद्रा त्याच्या लंगोटात असतात. हे सगळं ठाऊक असल्यामुळेच शेवटी बापलेक एकाऐवजी ढीगभर बाहुल्या घेऊन खाली उतरतात तेव्हा आपल्या छातीत धस्स होतं. जितक्या बाहुल्या तितके हस्तर, हे पात्रांच्या आधी आपल्याला कळतं. सांगितलं नसतं तर तो प्रसंग म्हणजे नुसता गोंधळ झाला असता.

२०१८ ला आला तेव्हा अर्धी थिएटरं रिकामी, आणि सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. लोक सगळं माहीत असताना पुन्हा जाऊन घाबरून आले.

रातकिडा
@तिसरी घंटा, तुंबाड मलाही आवडतो, पण त्यात घाबरवतो कोण? हस्तर नाही. आजी! बंद खोलीत साखळीने जखडलेली म्हातारी, आणि तिला खायला द्यायची पाळी लहान पोरावर येते. ती नीट दिसायच्या आधीच निम्मी भीती वसूल होते. तो भाग भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या गोष्टीवर बेतलेला आहे, आणि न दाखवता घाबरवणं हे कागदावर लिहिणाऱ्याला करावंच लागतं, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसतंच. म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत. आभारी आहे.

इंटरव्हलवाला
रोम्युलस थिएटरात पाहिला. मूळ सिनेमात मध्यंतर नाही, पण आपल्याकडे ते कुठेतरी कापून बसवतातच. माणूस जिवाच्या आकांताने पळतोय आणि फटकन दिवे. वर पडद्यावर कॉम्बो समोशाची जाहिरात. भूत दाखवल्याने भीती जाते की नाही माहीत नाही, समोशाने नक्की जाते.

कोकणकन्या
रातकिडा, 'मुंज्या'ला तुम्ही चुकीच्या पाटावर बसवलंत. तो विनोदी भयपट आहे. आदित्य सरपोतदारने 'झोंबिवली' पण असाच केला होता. पोरंटोरं, आज्या, सगळे मिळून किंचाळायचं आणि हसायचं, एवढाच करार आहे. त्यात सुहास जोशींची आजी बघा, तिचं आणि नातवाचं जे आहे ते सगळ्या ग्राफिक्सपेक्षा भारी.

पण तुमचा मूळ मुद्दाच मला खटकला. 'कूळ-मूळ सांगितलं की भीती जाते' म्हणता? आमच्याकडे भुताखेतांचं तेवढंच तर सांगतात! मुंज झाली आणि सोडमुंजीच्या आधी मुलगा गेला तर मुंज्या, राहणार पिंपळावर. गिऱ्हा पाण्यात. चकवा रस्ता चुकवणार, मारणार नाही. हडळ वेगळी, खवीस वेगळा, ब्रह्मसमंध आणखी वेगळा. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, काय केलं म्हणजे सोडेल तेही ठरलेलं. सरकारी दप्तरात नसेल इतकी नोंद आहे. तरी तिन्हीसांजेला त्या पिंपळाखालून जाताना पाय उचलतातच. उलट सगळं ठाऊक असतं म्हणूनच उचलतात. ज्याला मुंज्या म्हणजे काय हे ठाऊक नाही तो पाहुणा त्याच पारावर बसून निवांत सिगारेट ओढतो.

पिंपळपान
+१, शेवटच्या वाक्याला +१००

उसाचा फड
मी अर्धा रातकिड्यांच्या बाजूने. 'लपाछपी' (२०१७) ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. विशाल फुरियाचा, पूजा सावंत आणि उषा नाईक. बहुतेक भीती भरदिवसा, उसात. ऊस उंच वाढला की चार पावलांवरचा माणूस दिसत नाही, हे ज्याने फडात काम केलंय त्याला सांगावं लागत नाही. पोरांचा आवाज येतो, पोरं दिसत नाहीत. पण त्याचा शेवट कळतो तेव्हा, म्हणजे मुलींना जन्मण्याआधी आणि नंतर काय केलं जायचं ते उघड होतं तेव्हा, भीती कमी होत नाही. ती भुतावरून उठून जिवंत माणसांवर येऊन बसते. पुढे त्याचाच हिंदीत 'छोरी' केला. मला मराठीच जास्त लागला. हिंदीत ऊस सुंदर दिसतो, आणि तो सुंदर दिसायला नको होता.

ओसाकावहिनी
इथे कोणीच 'गॉडझिला मायनस वन'चं नाव काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मी तो नोव्हेंबर २०२३ मध्ये इथेच जपानात पाहिला. तुमच्या नियमाच्या चिंधड्या उडवणारा सिनेमा आहे.

गॉडझिला तर सत्तर वर्षं सगळ्या जगाने पाहिलेला. लपवणार काय? दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी लपवतच नाही. सगळ्यात भयंकर प्रसंग स्वच्छ सूर्यप्रकाशात आहे. युद्धानंतर समुद्रात राहिलेले चुंबकीय सुरुंग काढायला एक लहान लाकडी होडी निघालेली असते. लाकडीच, कारण लोखंड असेल तर सुरुंग फुटेल. आणि मागून तो पोहत येतोय. अख्खं डोकं पाण्याबाहेर, डोळे होडीवर. पुढे उघडा समुद्र, वर निळं आकाश, लपायला जागा नाही. इतकं नीट दिसतं म्हणूनच मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. अंधारात निदान 'नसेल काही' अशी आशा असते हो, उजेडात ती पण नसते.

आणि हे काम ३५ जणांच्या इफेक्ट्स टीमने केलंय. इफेक्ट्सचा प्रमुख खुद्द दिग्दर्शकच. २०२४ चं त्यासाठीचं ऑस्कर घेतलं. तेव्हा 'कॉम्प्युटरवर बनवलेलं कार्टं' म्हणून हिणवण्याआधी हे बघा.

रातकिडा
@ओसाकावहिनी, हा बघायचा राहिलाय. पण तुमच्याच वर्णनावरून सांगतो, भीती प्राण्याची नाही, ती उघड्या समुद्राची आहे.

@कोकणकन्या, पिंपळाचं एकदम मान्य, पण त्यात मुंज्या दिसतो कुठे? माहिती सगळी, दर्शन शून्य. थिएटरात नेमकं उलट केलंय, दर्शन अखंड.

सुईदोरा
'सबस्टन्स'बद्दल बोलायचं होतं म्हणून लिहितेय. शेवटच्या अर्ध्या तासावरून सगळे तुटून पडतात. ठीक आहे, तो भडक आहे. दिग्दर्शिका कोराली फार्जाला तो भडकच हवा होता. आयुष्यभर जे प्रेक्षक त्यातल्या नायिकेचं, म्हणजे डेमी मूरचं, अंग तपासत बसले त्यांच्यावरच ते रक्त उडतं, हे तुमच्या लक्षात आलंय ना? त्या चित्रपटाला मेकअपचं ऑस्कर मिळालं ते या रबरी अवतारांसाठी.

पण सिनेमातला सगळ्यात भीतिदायक प्रसंग राक्षसाचा नाहीच. डेमी मूर शाळेतल्या जुन्या ओळखीच्या माणसाला भेटायला निघते. तयार झालेली असते, छान दिसत असते. दारापर्यंत जाते, परत आरशापाशी येते. लिपस्टिक बदलते, गळ्याला रुमाल गुंडाळते, परत जाते, परत येते. शेवटी तोंड खसाखसा पुसून काढते, आणि जात नाही. कुठलाही इफेक्ट नाही, सगळं दिसतंय, दिवे लावलेले आहेत. रातकिडा, तुम्ही तो प्रसंग मोजलाच नाहीत. बहुतेक तो तुमच्यासाठी भयपटात बसत नसावा. माझ्या मैत्रिणींपैकी प्रत्येकीने पहिल्यांदा तोच सांगितला.

तिसरी घंटा
सुईदोरा, जोरदार.

आणि रोम्युलसबद्दल एक राहिलं. त्या संकरित पोराला नावं ठेवता, पण तो निव्वळ ग्राफिक्सचा पुतळा नाही. रॉबर्ट बोब्रोझ्की नावाचा रोमानियन बास्केटबॉलपटू आहे, साडेसात फुटांहून उंच, त्याला रंगवून-सजवून उभा केलाय. हातपायांची ती लांबी खरी आहे. मला तर तोच लक्षात राहिला. खरं भूत त्या सिनेमात दुसरंच आहे. पहिल्या 'एलियन'मधले नट इयन होम २०२० मध्ये वारले, आणि इथे त्यांचा चेहरा एका अर्ध्या तुटलेल्या यंत्रमानवावर बसवलाय. कुटुंबाची परवानगी घेतली होती म्हणे. तरी तो बोलायला लागला की अंगावर काटा येतो, आणि तो दिग्दर्शकाला हवा होता तो काटा नव्हे.

इंटरव्हलवाला
तो चेहरा पाहून शेजारचा म्हणाला, मोबाइलच्या फिल्टरमधून आलाय वाटतं.

कॅपिबारा समर्थक मंडळ
सगळे भुतांवर घसरलात, 'फ्लो'वर कोणी बोलेना. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिसने तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवला, आणि २०२५ च्या ऑस्करला 'इनसाइड आउट २' आणि 'द वाइल्ड रोबॉट' दोघांना मागे टाकलं. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचेच आहेत. फक्त त्यातल्या आमच्या कॅपिबाराचा (उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) खरा आवाज फारच किरटा निघाला म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा दिलाय. शोभतो की नाही?

पिंपळपान
शोभतो. पण चित्रं मला जुन्या व्हिडिओ गेमसारखी वाटली. कुत्र्याच्या अंगावर केस नाहीत, रंगाचे फटकारे आहेत. 'वाइल्ड रोबॉट'चं जंगल बघा आणि हे बघा. आणि तो पक्षी उजेडात वर उडून जातो त्याचा अर्थ काय? काहीतरी गूढ टाकायचं आणि अर्थ प्रेक्षकावर सोडायचा, ही पळवाट आहे. न सांगणं म्हणजे खोल असणं नव्हे.

रातकिडा
पळवाट कशी? मांजराला तरी कुठे कळतं तो पक्षी का गेला? कॅमेरा सारखा मांजराच्या उंचीवर आहे, मांजराला जेवढं समजतं तेवढंच आपल्याला. अर्थ सांगायला मध्येच कोण येणार, एखादा शास्त्रज्ञ? तसं केलेलं पाहिलंय की. पहिल्या 'एलियन'मध्ये त्या ओसाड यानात खुर्चीला चिकटून वाळलेला एक महाकाय प्राणी दिसतो. कोण, कुठला, काही नाही. तेहतीस वर्षं तो तसाच राहिला. मग २०१२ मध्ये 'प्रोमिथियस'ने सांगून टाकलं, की तो म्हणजे सूट घातलेला एक उंच गोरा माणूस. झालं समाधान?

पिंपळपान
माझं झालं. मला प्रोमिथियस आवडतो. जा आता.

बापमाणूस
मोठ्यांच्या भीतीचं चाललंय, लहानांचं सांगतो. लेकीला 'महावतार नरसिम्हा' दाखवायला नेलं. खांब फुटतो, नरसिंह उंबरठ्यावर बसून हिरण्यकशिपूचं पोट फाडतो, सगळं भव्य, कानठळ्या बसतील असं. मलाच वाटलं ही घाबरेल. ती टाळ्या वाजवत होती, कारण आजीकडून गोष्ट पाठ आहे. तीच मुलगी 'वाइल्ड रोबॉट'मध्ये रोबॉटच्या हातून चुकून घरटं चिरडलं जातं आणि एकच अंडं उरतं तिथे जी रडली ती थांबेना. खरं तर तिथे भयंकर काही दाखवलेलंच नाही. आता यातून रातकिडा जिंकले की कोकणकन्या, ते तुम्ही ठरवा.

मला फक्त एवढं सांगा, आठ वर्षांच्या मुलीला 'फ्लो' दाखवू की नको?

कोकणकन्या
गोष्ट पाठ होती म्हणून ती घाबरली नाही, हे बघून रातकिडा खूश होतील. पण ती गोष्ट देवाची आहे. भुताची पाठ असती तर रात्री तुमच्या कुशीत येऊन झोपली असती.

रातकिडा
खूश झालोच होतो, तेवढ्यात तुमचं आलं.

कॅपिबारा समर्थक मंडळ
@बापमाणूस, दाखवा. देवमासा कोरड्यावर अडकतो तेव्हा शेजारी बसा, आणि नावं संपेपर्यंत टीव्ही बंद करू नका, सगळ्यात शेवटी एक दृश्य आहे.