प्रतिसाद: रक्त पुरेसं का नाही?

"रक्ताच्या चाचण्या असताना यकृताचा तुकडा कशाला काढायचा?" हा यकृतातल्या चयापचयाच्या (पेशींमधल्या रासायनिक घडामोडींच्या) अभ्यासाबद्दल विचारलेला प्रश्न रास्त आहे. पण रक्तात स्नायू, आतडी, मूत्रपिंड अशा सगळ्यांतून बाहेर पडलेली रसायनं येऊन मिसळतात. यकृताच्या पेशी स्वतः काय करताहेत ते ऊतीतच, म्हणजे यकृताच्या तुकड्यातच दिसतं.

खरी कसोटी तुकडा बाहेर आल्यावर लागते. रक्तपुरवठा तुटला तरी पेशींचं काम लगेच थांबत नाही. ऑक्सिजनवाचून एटीपी (पेशींचं ऊर्जेचं चलन) झपाट्याने घटतं, लॅक्टेट (ऑक्सिजनविना साखर मोडल्यावर उरणारं रसायन) वाढतं. म्हणून नमुना ताबडतोब द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवतात. मला तर ही रसायनं मोजणाऱ्या महागड्या मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रापेक्षा या पहिल्या काही क्षणांची शिस्त जास्त मोलाची वाटते.

शिवाय सुईने मिळतो तो अख्ख्या यकृताचा साधारण ५०,०००वा भाग. त्यातही सगळ्या पेशी सारख्या नसतात. पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) बाजूच्या पेशी अमोनियाचा युरिया करतात, आणि त्यांच्या हातून निसटलेला अमोनिया मध्यशिरेभोवतीच्या (रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेभोवतीच्या) मोजक्या पेशी ग्लुटामिन या अमिनो आम्लामध्ये बांधून टाकतात. सगळा तुकडा एकत्र कुटला की हा फरक पुसला जातो. सिरोसिसमध्ये (यकृतात व्रणासारखे तंतू साचण्याच्या आजारात) तर तंतूच इतके माजलेले असतात की दिसणारा फरक पेशी कमी झाल्यामुळे आहे, का त्यांचं काम बदलल्यामुळे, तेच कळेना. शेजारचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाच हवा.

आणि रुग्ण किती तास उपाशी होता ते जरूर नोंदवा. सिरोसिसमध्ये ग्लायकोजेनचा (यकृतात साठवलेल्या साखरेचा) साठा इतका आटतो की एका रात्रीच्या उपासातच शरीर चरबी जाळू लागतं. निरोगी माणसात ती अवस्था यायला दोन-तीन दिवसांचा उपास लागतो.