प्रिन्स ऑफ पर्शिया गेममधला आरसा आठवतोय काय कुणाला?

टिळकवाडीचा_गडी:
आमच्या काकांचं शहापुरात डीटीपीचं दुकान होतं, मराठी-कन्नड लग्नपत्रिका करायचे. काका दुपारी जेवायला गेले की कॉम्प्युटर माझा आणि चुलतभावाचा, आणि गेम एकच, प्रिन्स ऑफ पर्शिया. चौथ्या लेव्हलला वाटेत आरसा आडवा येतोय बघा, पळत येऊन त्यातनं उडी मारलो तर आपलीच सावली उलट्या बाजूला पळाली आणि लाइफ एकच उरली. दोघं खुर्चीतनं उठून उभारलो होतो. तुमच्या अंगावर काटा कुठं आला?

निपाणीची_पोर:
माझा उंदीर! आठव्या लेव्हलला शेवटचं गेट बंद होतं, मी अडकले, राजकन्येला सोडवायचं ६० मिनिटांचं घड्याळ चालूच. आई जेवायला हाका मारून थकली म्हणून कीबोर्डवरचा हात काढला आणि तेवढ्यात पांढरा उंदीर तुरुतुरु येऊन फरशीतल्या बटणावर चढला, गेट वर! राजकन्येनं पाठवलेला तो. मला रडूच आलं, खरं सांगते.

खानापूर_जंगल:
अण्णा, त्या सावलीची गोष्ट लई भारी हाय. जॉर्डन मेकनरनं हा गेम १९८९ मध्ये अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर काढला, धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावला आणि त्याच्या शूटिंगवरनं एकेक चित्र काढला, म्हणून प्रिन्स खऱ्या माणसासारखा लोंबकळतोय. पण मेमरी भरली, नवा शत्रू बसंना. मग प्रिन्सचीच चित्रं थोडी बदलून वापरला आणि सावली तयार झाली. जागा नव्हती म्हणून सुचलेली गोष्ट, आणि गेमचा जीवच ती झाली. बाराव्या लेव्हलला तीच समोर येते, तिला वार केला की आपलीच लाइफ जाते. तलवार ठेवून तिच्याकडं चालत जायचं, दोघं एक होतात.

टिळकवाडीचा_गडी:
काय सांगतोस! आम्ही तिला मारतच बसलो की रे, दरवेळी मेलो, तिथनं पुढं कधी गेलोच नाही. चुलतभाऊ आता पुण्यात असतोय, त्याला फोन लावतो. तलवार ठेवायचं बटण कुठलं, खालचा अ‍ॅरो काय?

खानापूर_जंगल:
होय, खालचा अ‍ॅरो. आणि एक झाल्यावर पुढं मोठा खड्डा दिसतोय तिथं थांबू नको, सरळ पळत सुट, पायाखाली फरशी येत जाते.