दुसरं मेजर सोडू का? शिष्यवृत्तीला ३.५ जीपीएची अट आहे

एप्सिलॉन_कमी
तिसऱ्या वर्षाला आहे. पहिलं मेजर (मुख्य विषय) अर्थशास्त्र, दुसरं गणित. १२० क्रेडिटच्या पदवीतले ७८ झालेत, जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) ३.५८. शिष्यवृत्ती टिकवायला ३.५ लागतो.

लिनिअर अल्जिब्रापर्यंत मजेत चाललं होतं. आता रिअल अ‍ॅनालिसिस आलंय, म्हणजे कॅल्क्युलसच्या मुळाशी जाऊन सगळं सिद्ध करायचं. बोल्झानो-वायरश्ट्रास प्रमेयाची (मर्यादित, म्हणजे ठरावीक हद्दीत राहणाऱ्या, प्रत्येक क्रमिकेला एक अभिसारी, म्हणजे एका संख्येकडे जाणारी, उपक्रमिका असते) सिद्धता वाचताना सगळं पटतं, पान झाकलं की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मिडटर्मवरून बी मायनस दिसतोय. त्यात इकॉनॉमेट्रिक्सची (अर्थशास्त्रातल्या संख्याशास्त्राची) असाइनमेंट उघडेपर्यंत मध्यरात्र होते, आणि ते तर माझं पहिलं मेजर! गणिताचे हा धरून पाच कोर्स, १५ क्रेडिट उरलेत. पुढे अर्थशास्त्रात पीएचडीचा विचार आहे, पक्का नाही. "झेपेल गं तुला" हे घरून भरपूर ऐकून झालंय, इथे नको.

नुसता_भागाकार
आधी आकडे. पाचही कोर्समध्ये बी मायनस (२.७) पडला आणि त्यांच्या जागी दुसरे घेऊन ए मायनस (३.७) मिळाला असता असं धरलं, तर फरक १५ गुणांचा. भागिले १२०, म्हणजे ०.१२५. एवढाच. पण तुझी अट ३.५ ची असल्यामुळे हा "एवढाच" नेमका वर्मी लागतो.

अट दर सेमिस्टरला तपासतात की पदवीच्या शेवटी, ते नियमात बघ. आत्ता १५ क्रेडिट घेतले असतील तर या सेमिस्टरला सरासरी ३.१ मिळाली तरी एकूण ३.५ च्या वर राहतेस. अ‍ॅनालिसिसला बी मायनस आला तर बाकीच्या १२ क्रेडिटमध्ये ३.२ च्या आसपास हवेत. म्हणजे एकट्या अ‍ॅनालिसिसने तू बुडत नाहीस. इकॉनॉमेट्रिक्सचाही ग्रेड घसरला तर मात्र बुडू शकतेस.

खडू_फळा
मी अर्थशास्त्रातच पीएचडी करतेय, म्हणून बोलते. प्रवेश समित्या ट्रान्सक्रिप्टवर रिअल अ‍ॅनालिसिस आवर्जून शोधतात. गणिताचं अख्खं मेजर आहे की नाही, याला तितकं वजन नसतं. तेव्हा मेजर सोडणं आणि हा कोर्स सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तू त्यांची मोट बांधलीयेस. आणि मेजर सोडलं म्हणून आधीचे ग्रेड पुसले जात नाहीत, ते तसेच राहतात.

टोपॉलॉजी, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा आवडत असतील तर घे. अर्जासाठी म्हणून घेऊ नकोस. त्यापेक्षा प्रॉबॅबिलिटी कामाला येईल.

पान झाकल्यावर सुचत नाही ना? मग सिद्धता वाचणं कमी कर. प्रमेयातली एक अट काढून टाक आणि ते कुठे मोडतं ते शोध. मर्यादित नसलेली क्रमिका घे: १, २, ३, ४… हिची एकही उपक्रमिका अभिसारी नाही. इथून सुरुवात केलीस की मर्यादित असण्याची अट कशाला हवी ते हाताला कळतं.

काठावरचा
एक तांत्रिक मुद्दा. बऱ्याच विद्यापीठांत मेजरचा कोर्स पास-फेल (ग्रेडशिवाय, नुसता पास किंवा नापास) घेता येत नाही, पण मेजर सोडलं की तोच कोर्स इलेक्टिव्ह होतो आणि वाट मोकळी होते. पीएचडीसाठी अ‍ॅनालिसिसचा पास-फेल चालणार नाही, बाकीच्यांना लागू पडेल. आणि गणिताचा मायनर (मेजरपेक्षा कमी कोर्सचा जोडविषय) किती कोर्समध्ये होतो? कदाचित तुझा आधीच झाला असेल.

एप्सिलॉन_कमी
@काठावरचा, मायनरला एकच कोर्स कमी पडतोय, आत्ताच पाहिलं. अ‍ॅनालिसिस धरला तर तोही पूर्ण! शिष्यवृत्तीची अट दर वर्षाच्या शेवटी तपासतात.

तर टोपॉलॉजी गेली. अ‍ॅनालिसिस ठेवते, पण कोर्समधून नाव काढून घ्यायची शेवटची तारीख जवळ आलीये, त्याआधी एक असाइनमेंट परत मिळेल, ती बघून ठरवीन. @खडू_फळा, अट काढून मोडायची युक्ती कोशी क्रमिकांना (पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ येत जातात, आणि वास्तव संख्यांत त्या अभिसारी असतातच) लावली तर काय काढायचं? वास्तव संख्यांऐवजी परिमेय संख्या घ्यायच्या का?

खडू_फळा
हो, तेच. √२ कडे जाणारी दशांशांची क्रमिका घे: १.४, १.४१, १.४१४… √२ परिमेय नाही, म्हणून परिमेय संख्यांत ती कुठेच पोचत नाही.