एल.एस. स्पाइनचा एमआरआय: सांगलीत ४८००, मिरजेत ६५००, कोल्हापुरात ८५००. फरक नेमका कशाचा?

बेदाणावाला (तासगाव)

नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना (वय ७१) दोन-अडीच महिने झाले डावा पाय दुखतोय. कंबरेतून कळ निघते ती पोटरीपर्यंत जाते, आणि आता अंगठा बधिर वाटतोय म्हणतात. ब्लोअर बिघडला म्हणून ऐन हंगामात पाठीवरचा पंप घेऊन बागेत फिरले, तेव्हापासूनचं हे. गोळ्या, पट्टा, शेक सगळं झालं. आता हाडांच्या डॉक्टरांनी ‘एमआरआय एल.एस. स्पाइन (म्हणजे कंबरेचा मणका), होल स्पाइन स्क्रीनिंगसह’ असं लिहून दिलंय. चिठ्ठी त्यांच्या पॅडवर नाही, एका सेंटरच्या छापील पॅडवर आहे. नुसती टिक केलेली.

मी फोन फिरवले. सांगलीत एकाने ४८०० सांगितले. मिरजेत चिठ्ठीवरच्या सेंटरने ६५००, ‘स्क्रीनिंगचे वेगळे’. मिरजेतच दुसरीकडे ५५००, सगळं धरून. कोल्हापुरात ८५००, म्हणे आमचं मशीन थ्री टेस्ला, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं. आणि दर सांगायच्या आधी सगळीकडे एकच प्रश्न: ‘पेशंट कुठल्या डॉक्टरांचा?’

बेदाण्याचा सौदा असता तर हातात घेऊन सांगितलं असतं कुठला माल कशाचा. इथे काय बघून ठरवायचं? स्वस्तातलं केलं तर डॉक्टर चालवून घेतात का? अण्णांना २०१६ साली अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलाय, त्याची अडचण येईल का? कुणी अलीकडे केलं असेल तर सांगा.

शाहूपुरीकर

स्वस्ताचं बघताना एक विचारा, मशीन ओपन आहे का, म्हणजे बोगद्याऐवजी बाजूंनी उघडं. माझ्या मेव्हण्याचं असंच ओपन मशीनवर झालं, पैसे कमी लागले. पुढे ऑपरेशनचं ठरलं तेव्हा सर्जननी फिल्म उजेडावर धरली आणि बाजूला ठेवली. ‘नस कुठं दबलीय ते यात नीट दिसत नाही, परत काढा.’ दोन्हीची बेरीज कोल्हापूरच्या दरापेक्षा जास्त झाली. बाकी मला मशीनमधलं काही कळत नाही, जाणकार सांगतील.

डार्करूम

जाणकार म्हणण्याइतका नाही, पण आयुष्य याच खोल्यांत गेलं. सुरुवात केली तेव्हा एक्स-रेच्या ओल्या फिल्म क्लिपांना टांगून वाळवायचो, निवृत्त झालो तो एमआरआयच्या कन्सोलवरून. सेंटरची नावं घेणार नाही, कुणाचं भलंबुरं नको. दर कशाचा बनतो ते सांगतो.

आधी एक. अण्णांचं पाऊल उचलेनासं झालं, चप्पल पायातून निसटायला लागली, लघवी-संडासचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर दर विचारत बसू नका. उचलायचं आणि त्याच दिवशी सर्जनसमोर न्यायचं. तसं काही नसेल तर चार दिवस चौकशीत गेल्याने बिघडत नाही. पुष्कळांचा सायटिका (नस दबून पायात उतरणारी कळ) दीड महिन्यात आपोआप उतरतो, म्हणून चांगले डॉक्टर पहिल्याच भेटीत एमआरआय लिहीत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी थांबून लिहिलाय, म्हणजे कारण असणार.

आता मशीन. ओपनमध्ये चुंबक कमी ताकदीचा असतो, बहुतेक अर्ध्या टेस्लाच्याही आतला. वेळ जास्त लागतो आणि चित्र दाणेदार येतं. बंद बोगद्यात घाबरणारा किंवा अंगाने फार मोठा पेशंट असेल तर त्याची सोय म्हणून ते चांगलं. शाहूपुरीकरांच्या मेव्हण्याचं झालं ते यामुळेच असावं. कंबरेसाठी दीड टेस्ला भरपूर झालं. थ्री टेस्ला मेंदू, प्रोस्टेट, मनगटासारखे छोटे सांधे यांना खरं उपयोगी. मणक्यात आधीचे स्क्रू-रॉड असतील तर थ्री टेस्लावर उलट धातूची सावली जास्त पडते. तेव्हा अण्णांसाठी ८५०० देऊन कोल्हापूरला जायची गरज मला तरी दिसत नाही.

पण दीड टेस्ला म्हणून सगळं सारखंच असंही नाही. मशीनएवढाच महत्त्वाचा आहे पेशंट आत किती वेळ ठेवला तो. कंबरेचं व्यवस्थित काम म्हणजे उभ्या कापांचे टी-१, टी-२, स्टर (चित्र काढायच्या तीन पद्धती), आणि डिस्कच्या, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीच्या, पातळीवर आडवे काप. याला वीसेक मिनिटं जातात. जिथे दर पाडून रांग लावलेली असते तिथे स्टर गाळतात, काप जाड घेतात आणि दहा मिनिटांत पेशंट बाहेर. रिपोर्ट येतो, ‘डिस्क बल्ज’ही (गादी फुगलीय) लिहिलेलं असतं. पण सत्तरीच्या माणसाच्या मणक्यात डिस्क बल्ज न सापडणं हीच बातमी! खरं बघायचं असतं ते कुठली नस, कुठल्या बाजूला, किती दबली. अण्णांचा डावा अंगठा बधिर आहे, म्हणजे एल-५ या कंबरेतल्या नसेची शंका. हे फॉर्मवर लिहून द्या. रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरला कुठे डोळा रोखायचा ते समजतं. ‘बॅक पेन’ एवढंच लिहिलं तर रिपोर्टही तेवढाच मोघम येतो.

स्क्रीनिंगचं ऐका. म्हणजे मान आणि पाठ यांचे फक्त उभे काप, काही मिनिटांचं काम. कंबरेबरोबरच उरकतं. काही जण दरात धरतात, काही थोडे वेगळे लावतात, इथवर ठीक. पण कुणी ‘तीन भाग, तीन दर’ म्हणालं तर तो पूर्ण तपासणीचा हिशेब झाला, स्क्रीनिंगचा नव्हे. फोनवरच स्पष्ट विचारा.

कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र उठावदार करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन साध्या डिस्कला लागत नाही. जंतुसंसर्ग, गाठ किंवा आधी ऑपरेशन झालेली जागा असेल तर लागतं. डॉक्टरांनी लिहिलेलं नसताना काउंटरवर कुणी सुचवलं तर आधी डॉक्टरांना फोन. लागणारच असेल तर वय ७१ आहे, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा.

मग फिल्म. ४८०० मध्ये फिल्म आहे की नुसती सीडी, हे विचारलंत का? बऱ्याच सर्जनना अजून फिल्म हातात लागते. रिपोर्ट कोण करतो तेही विचारा. हल्ली फोटो पुण्या-बेंगळुरूला जातात आणि रिपोर्ट ऑनलाइन येतो. त्यात वाईट काही नाही, बाहेर बसलेली माणसंही हुशार असतात. पण सर्जनला शंका आली तर फोन उचलणारा डॉक्टर गावात असला तर फरक पडतो.

राहिला ‘पेशंट कुठल्या डॉक्टरांचा’. ते तुम्हालाही कळलंय, म्हणून आडपडदा ठेवत नाही. त्या उत्तरावर काही ठिकाणी दर ठरतो, कारण त्यातला वाटा मागे जायचा असतो. असा कट घेणं-देणं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत साफ मना आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही करून घेतला होता, तो मसुद्यातच राहिला. प्रत्येक डॉक्टर घेतो असं अजिबात नाही. मी असे डॉक्टर पाहिलेत जे सेंटरला फोन करून सांगायचे, ‘माझं जे काय असेल ते पेशंटच्या बिलातून कमी करा.’ आणि पॅडवर टिक केली म्हणजे संशय घ्यावाच असंही नाही, कधी त्या सेंटरच्या चित्रावर डॉक्टरांचा खरोखर विश्वास असतो. सरळ विचारा, ‘डॉक्टर, दुसरीकडे दीड टेस्लावर केलं तर चालेल ना?’ तपासणी कुठे करायची हे निवडण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आहे, पण सनद तोंडावर फेकू नका. विचारण्याच्या सुरात विचारलं तर नव्वद टक्के डॉक्टर ‘करा की’ म्हणतात. मग काउंटरवर ‘डायरेक्ट आलोय, काय कमी होईल?’ एवढं म्हणायला लाजू नका.

स्टेंटचं: हृदयातले स्टेंट साधारणपणे चालतात, फॉर्ममध्ये मात्र लिहायचंच. २०१६ चं डिस्चार्ज कार्ड न्या. पेसमेकर असता तर गोष्ट वेगळी, तेव्हा हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय त्या खोलीच्या दारातही जायचं नाही. आणि अण्णांचा करदोटा, ताईत, कानातली बाळी, कवळी, सगळं घरीच काढून ठेवा. एकदा एक आजोबा बंडीच्या आतल्या खिशात अडकित्ता घेऊन आले. विचारलं तर ‘काय न्हाई बा खिशात.’ टेबलाजवळ गेले आणि अडकित्ता खिसा फाडून सुसाट मशीनला जाऊन चिकटला. नशीब, मध्ये कुणाचं डोकं नव्हतं. आजोबा मलाच म्हणाले, ‘तुमचं यंत्र चोर हाय.’

मीनल_कुपवाड

काकांनी सगळं लिहिलंच आहे. मी विम्याच्या क्लेमचं काम करते, तेवढीच भर. नुसता एमआरआय, भरती नाही, तर साध्या पॉलिसीत पैसे मिळत नाहीत, ओपीडी कव्हर वेगळं घेतलेलं असेल तर पाहा. ‘एक दिवस अॅडमिट दाखवतो, क्लेम करा’ असं कुणी सुचवलं तर नको. फक्त तपासणीसाठी भरती हे पॉलिसीत वगळलेलंच असतं, क्लेम नाकारला जातो आणि कंपनीच्या नजरेत येता ते वेगळंच.

मात्र पुढे ऑपरेशन झालंच, तर भरतीच्या आधीच्या काही दिवसांतला खर्च मिळतो, बहुतेक पॉलिसीत ३० दिवस, काहींत ६०. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी, छापील बिल, पैसे भरल्याची पावती, रिपोर्ट, सगळं मूळ प्रतीत जपा. ‘बिल नको असेल तर पाचशे कमी’ ही सूट घेऊ नका. आणि निदानाच्या तपासण्यांवर जीएसटी नाही, बिलात वेगळा लावला तर विचारा कशाचा.

पॉलिसी नसेल तर महात्मा फुले योजनेत ऑपरेशनसाठी भरती झाल्यावर लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्ये येतात. आधी स्वखर्चाने करायच्या की योजनेच्या रुग्णालयातच दाखवायचं, हे आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारून ठरवा.

शाहूपुरीकर

कोरोनात सरकारने सीटीचे दर बांधले होते ना? मग एमआरआयचे का बांधत नाहीत? आणि सिव्हिलला फुकट नाही का होत?

डार्करूम

बांधले होते, सप्टेंबर २०२० मध्ये, पण फक्त छातीच्या एचआरसीटीचे, म्हणजे बारीक कापांच्या सीटीचे. १६ स्लाइसच्या (एका फेरीतल्या कापांच्या) आतलं मशीन २०००, १६ ते ६४ पर्यंत २५००, ६४ च्या वर ३०००. कुठल्या मशीनवर केलं ते रिपोर्टवर लिहिणंही सक्तीचं होतं. ही अट मला दरापेक्षा जास्त आवडली होती. साथ गेली, अट गेली. एमआरआयच्या रिपोर्टवर आजही टेस्ला छापायला लावलं तर निम्मी भांडणं मिटतील.

फुकटचं: १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. पण मिरजेचं सिव्हिल आणि कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय मेडिकल कॉलेजकडे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. तिथे शुल्क लागतं, खासगीपेक्षा बरंच कमी. अडचण तारखेची. पाय दुखतोय पण चालतं-फिरतं आहे असा पेशंट मागे पडतो, अपघाताचा पुढे जातो, आणि ते योग्यच आहे. वेळ असेल तर जरूर नंबर लावा.

बेदाणावाला (तासगाव)

काका, मीनलताई, शाहूपुरीकर, मनापासून आभार. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘दीड टेस्ला असू दे आणि फिल्म आणा, मग कुठूनही करा.’ सांगलीच्या ४८०० वाल्याला परत फोन केला तर फिल्मचे ५०० वेगळे, स्क्रीनिंगचे १०००, आणि मशीन कुठलं हे सांगायला बाई तीनदा आत जाऊन आली. मिरजेतल्या ५५०० वाल्याने सगळं एका दमात सांगितलं, तिथेच केलं. ‘डायरेक्ट’ म्हटल्यावर ३०० कमी केले. अण्णा आत होते वीस-बावीस मिनिटं, मी घड्याळ लावून बसलो होतो.

एल-४-५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डाव्या बाजूची नस दबलीय असा रिपोर्ट आहे. सोमवारी दाखवायचंय. आता एकच, सीडी घरच्या लॅपटॉपला लागत नाही, सीडीची खाचच नाही त्याला. रिपोर्ट आणि फिल्मचे फोटो इथे टाकू का?

डार्करूम

टाकू नका. वर अण्णांचं नाव, वय, नंबर सगळं छापलेलं असतं, आणि मी टेक्निशियन आहे, निदान करणारा नव्हे. सेंटरला फोन करून पेनड्राइव्हवर मागा किंवा लिंक पाठवायला सांगा, बहुतेक जण देतात. सोमवारी फिल्म गुंडाळी करून नेऊ नका, घडी तर मुळीच नको. मोठ्या पाकिटात सरळ ठेवा, आणि गाडी उन्हात लावून पाकीट आत विसरू नका. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेने काळ्या पडतात.