मदत हवी आहे (तातडीने): ली-एन्फिल्ड मार्क थ्री की मार्क थ्री स्टार?

कोपरीचा_समीर
नमस्कार मंडळी. घरच्या जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलचं नेमकं मॉडेल हवं आहे. ली-एन्फिल्ड आहे हे नक्की, दुसऱ्या महायुद्धातली. मार्क थ्री आणि मार्क थ्री स्टार कसे ओळखायचे? अर्ज परत आला आहे आणि सोमवारी पुन्हा द्यायचा आहे. नेटवर वाचून डोकं बधिर झालं, जो तो वेगळंच सांगतो. फक्त मॉडेलचं सांगा, बाकीचं मी बघतो.

नेरूळकर_एनसीसी
सोपं आहे. बोल्टची मूठ खाली करा. तिच्या मागे, दस्त्याच्या गळ्याशी जो लोखंडी पट्टा असतो त्याच्या उजव्या अंगाला शिक्का बघा. वर मुकुट, मग कारखान्याचं नाव, साल, एस.एच.टी. एल.ई. (शॉर्ट ली-एन्फिल्ड) आणि खाली रोमन तीन. तिनापुढे चांदणी असेल तर स्टार. मार्क थ्री १९०७ चा. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून १९१६ साली काही भाग वगळले, तो स्टार. मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बंद करणारी पत्री (कट-ऑफ) गेली. लांबच्या पल्ल्यासाठी नेम धरायची बाजूची साइट गेली. पण नुसत्या कट-ऑफवरून ठरवू नका, नंतरच्या दुरुस्त्यांत भाग इकडचे तिकडे झालेले असतात. शिक्काच बघा.
आणि ती नंतरची एन्फिल्ड, नंबर फोर, तर नाही ना? नंबर फोरची नळी लाकडाच्या पुढे थोडी बाहेर येते आणि मागची साइट भोकाची असते. नंबर वनचं, म्हणजे मार्क थ्रीचं, तोंड सपाट, बोथट. फोटो टाका.

ओंकार_घणसोली
दादा, कार ९८ के असू शकते का? गेममध्ये सेम दिसते. बोल्ट खाली वाकलेला आहे का?

नेरूळकर_एनसीसी
ओंकार, ती जर्मन माउझर. पाच गोळ्या, मॅगझीन लाकडाच्या आत, खाली काही लोंबत नाही. एन्फिल्डला खाली दहा गोळ्यांची पेटी दिसते. माउझरचा बोल्ट पुढे अडकतो, एन्फिल्डचा मागे, म्हणून एन्फिल्डचा हात भरभर चालतो. शेजारी ठेवल्या तर घोळ होणारच नाही.

रजनी_ऐरोली
समीर, "बाकीचं मी बघतो" म्हणालात, पण चांदणी आहे की नाही यावरून कोणी अर्ज परत पाठवत नाही. माझ्या वडिलांच्या बंदुकीचं हेच सगळं मी केलं आहे, म्हणून विचारते. अर्ज कसला? परवाना कोणाच्या नावावर? दिला कोणी, जिल्हाधिकाऱ्यांनी की पोलीस आयुक्तांनी? आणि रायफल आत्ता आहे कुठे? घरात असेल तर ते आधी सांगा.

सुतारकाम_वागळे
लाकूड अक्रोडाचं असेल तर पॉलिश मारू नका, ही कळकळीची विनंती. कच्चं जवसाचं तेल घ्या, हाताच्या तळव्याने चोळा, रात्रभर सोडा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. असं थोडं थोडं करत जा. चकचकीत व्हार्निश मारलेला जुना दस्ता बघितला की मला वाईट वाटतं. बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याच्या काही रायफलींत मॅगझीनच्या पुढे लाकडात आडवा स्क्रू असतो, मजबुतीसाठी. तो कधीही काढू नका, लाकूड फाटतं.

कोपरीचा_समीर
लाकडाचं विचारलं नव्हतं, तरी धन्यवाद. रजनीताई, परवाना बाबांच्या नावावर होता, ते गेले. आता माझ्या नावावर करायचा. रायफल डीलरकडे जमा आहे, घरात नाही. मूळची आजोबांची. ते मराठा रेजिमेंटला होते, इटलीत लढले, तिथून आणलेली आहे. म्हणूनच मला मॉडेल हवंय, अर्जात नीट लिहिता येईल. आता सांगाल का?

गडवाटा
इटली! समीर, तुमच्या आजोबांना मनापासून नमस्कार. मराठ्यांनी तिथे जे केलं ते आपल्याकडे फारसं सांगितलंच जात नाही. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबरच्या खोऱ्यात. तुकडीतले जवळजवळ सगळे पडले, हे एकटे मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब, मग टॉमीगन, ती रिकामी झाल्यावर नळी धरून दस्त्याने. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव, त्यांनाही क्रॉस. त्या वेळच्या पलटणीत सर्रास एन्फिल्डच. तुमच्याकडची मार्क थ्रीच असणार.

थ्रीनॉटथ्री
मी सशस्त्र पोलिसांत आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो, आता कळव्याला असतो. गडवाटा, इतिहास उत्तम, पण त्यावरून या रायफलीचं काही ठरत नाही. जवानाची रायफल त्याची नसते. नंबर टाकून मिळते आणि नंबराने कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठारात, परत जाते. एक संगीन कमी भरली तरी चौकशी लागते. इटलीहून बोटीने रायफल घरी आणली, हे होत नाही.
समीर, अर्धा धागा झाला आणि बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, कोणीच विचारलं नाही. नळीवर काय कोरलंय? ३०३, ३१५ की ७.६२? मॉडेल नंतर, बोअर आधी. ३०३ आणि ७.६२ फौज-पोलिसांची काडतुसं, म्हणून प्रतिबंधित बोअर. सामान्य माणसाला केंद्राच्या परवानगीशिवाय ती ठेवता येत नाहीत. कागदावर चुकून ३०३ पडलं असेल तर तुमचा अर्ज परत येणार, मॉडेल कितीही बिनचूक लिहा.

गडवाटा
काका, कोतचं मान्य. पण निवृत्तीनंतर आजोबांनी मोडीत काढलेली रायफल रीतसर विकत घेतली असेल तर? लगेच नाही म्हणू नका. घराघरांत सांगत आलेल्या गोष्टीत काहीतरी खरं असतंच.

थ्रीनॉटथ्री
असेल. मी गोष्टीला खोटं म्हटलेलं नाही. लोखंडावर काय आहे ते बघू म्हणतोय.

नेरूळकर_एनसीसी
७.६२ चीही शक्यता धरा. १९६० च्या दशकात इशापूरने हीच रायफल नाटो काडतुसासाठी नव्याने बनवली, २ए आणि २ए१. ३०३ ची नळी बदलून केलेली नव्हे, चांगल्या पोलादाची नवी बांधणी. ओळख म्हणजे मॅगझीन जरा चौकोनी. २ए वर मागची जुनी २००० यार्डांची साइट राहिली, २ए१ वर ८०० मीटरची आली. ४१० मस्केटही असते. ३०३ चीच नळी आतून गुळगुळीत केलेली, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच गोळी. पहारेकऱ्यांना देत असत. बाहेरून बघणारा तिलाही मार्क थ्रीच म्हणेल.

विद्या_पाचपाखाडी
धागा वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसताहेत म्हणून विचारते. मुलगी आठवीत आहे, तिला नेमबाजी शिकायची आहे. आधी रायफल घ्यावी लागते का? परवाना लागतो?

थ्रीनॉटथ्री
विद्याताई, सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, परवाना नको. आधी क्लबच्या रायफलवर शिकू द्या. विकत घ्यायची घाई नको, तिचे हात अजून वाढायचे आहेत. समीर, बोअर?

रजनी_ऐरोली
मी नियमाचं सांगते, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल. २०१६ च्या शस्त्र नियमांत नियम २५ वारसाचा आहे. परवानाधारक वारला तर वारसाला परवाना देता येतो. तो हयात असेल आणि वयाची ७० वर्षं किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली असतील, जे आधी होईल ते, तरी त्याने सुचवलेल्या वारसाला देता येतो. हे वडील हयात असतानाच करून घ्यावं, पुढचा त्रास निम्मा होतो. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. समीर, आई आणि बहीण-भावांची घेतलीत का? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारसाने आलेलं शस्त्रही त्यात धरतात. आणि तुम्ही कोपरीला, म्हणजे ठाणे पोलीस आयुक्तालय. वडिलांचा परवाना ग्रामीणमधला असेल तर तो जिल्हाधिकाऱ्यांचा. दोन कार्यालयांचे कागद एकमेकांशी जुळावे लागतात, तिथेच गाडी अडते. परवाना पीक संरक्षणाचा की आत्मसंरक्षणाचा?

कोपरीचा_समीर
आत्मसंरक्षण. मुरबाडच्या घराच्या पत्त्यावर, जिल्हाधिकाऱ्यांचा. आई आणि ताईची ना-हरकत नोटरी करून जोडली आहे. परवान्यावर "३१५ बोअर रायफल" आणि नंबर आहे. डीलरच्या जमा पावतीवर "३०३ रायफल, एन्फिल्ड मार्क थ्री" आणि तोच नंबर. पावती करणारा माणूस रोज बंदुका हाताळतो, म्हणून ती बरोबर धरली आणि अर्जात तसंच लिहिलं. कार्यालयाने शेरा मारला, "वर्णन जुळत नाही". म्हणून नेमकं मॉडेल विचारतोय.

रजनी_ऐरोली
अहो, हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं! अर्ज या पावतीमुळे परत आला. मार्क थ्री की स्टार, याचा त्याच्याशी संबंधच नाही.

थ्रीनॉटथ्री
आता रस्ता दिसला. समीर, ३१५ म्हणजे ८ मिलिमीटर मॅनलिखर, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं जुनं काडतूस. इंग्रजांना फौजी काडतूस लोकांच्या हातात जायला नको होतं, म्हणून हिंदुस्थानात शिकारीसाठी हे बोअर चाललं. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. या बंदूक कंपनीने या बोअरच्या शिकारी रायफली इथल्या गिऱ्हाइकांसाठी केल्या, स्वातंत्र्यानंतर आपल्या इशापूरने. बोल्ट एन्फिल्डच्याच पद्धतीचा, म्हणून घाईत बघणारा सरळ ३०३ लिहून मोकळा होतो. मी हे माझ्या नोकरीत पाहिलं आहे.
डीलरकडे जाऊन त्याच्याच हातून रायफल दाखवून घ्या. तुम्ही बोल्ट उघडू नका. तीन गोष्टी बघा. एक, लाकूड नळीच्या टोकापर्यंत आहे की अर्ध्यात संपतं. दोन, टोकाला संगीन लावायची लोखंडी टोपी आहे का. तीन, नळीवर मागच्या बाजूला काय कोरलंय. आणि मॅगझीन पाच गोळ्यांचं की दहाचं, ते त्याला विचारा.

नेरूळकर_एनसीसी
लाकूड अर्ध्यात संपतं म्हणून शिकारी रायफल, असं लगेच धरू नका. जुन्या मार्क थ्रीचं पुढचं लाकूड कापून हलक्या केलेल्या कितीतरी रायफली जगभर आहेत.

थ्रीनॉटथ्री
बरोबर, म्हणूनच नळीवरचा आकडा आणि मॅगझीन विचारलं. लाकूड कापता येतं. त्यासोबत पाच गोळ्यांचं मॅगझीन येत नाही.

नेरूळकर_एनसीसी
तरी आर्मररने चेंबर गेजने (काडतूस बसतं त्या जागेच्या मापाने) तपासल्याशिवाय मी सही केली नसती. शिक्का आहे आणि आत भलतंच आहे, असंही घडू शकतं. चुकीचं काडतूस गेलं तर चेहऱ्यावर उडेल.

थ्रीनॉटथ्री
तपासायलाच हवं, यावर वाद नाही. पण आधी पावती तर दुरुस्त होऊ दे.

कोपरीचा_समीर
आज जाऊन आलो. लाकूड अर्ध्यात संपतं, पुढे नळी उघडी. टोपी नाही, संगिनीची सोय नाही. मॅगझीन छोटं, पाचचं, असं दुकानदारच म्हणाला. नळीवर ३१५ स्पष्ट आहे, बॉडीवर आर.एफ.आय. मुकुट नाही, एस.एच.टी. एल.ई. नाही, रोमन तीनही नाही.

थ्रीनॉटथ्री
आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. ही कारखान्यातूनच ३१५ म्हणून निघालेली शिकारी रायफल आहे. मार्क थ्रीही नाही आणि स्टारही नाही. अर्जात मार्क हा शब्द घालूच नका. "३१५ बोअर बोल्ट-ॲक्शन रायफल, इशापूर" आणि नंबर, परवान्यावर आहे तसं. ही प्रतिबंधित बोअरमध्ये येत नाही, म्हणजे तुमच्या अर्जाचा मोठा अडसर गेला.

रजनी_ऐरोली
दुकानदाराकडून दुरुस्त पावती घ्या, जुन्या पावतीचा क्रमांक तिच्यावर असू द्या. जुनी आणि नवी दोन्ही जोडा, सोबत नळीवरच्या शिक्क्याचा फोटो आणि साध्या कागदावर अर्धं पान खुलासा. तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. बाबांच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, पडला होता का तेही बघा. नसेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत चौकशी करा, नाहीतर फाइल पुन्हा तिथेच येऊन थांबेल.

कोपरीचा_समीर
यूआयएन आहे. दुकानदार उद्या नवी पावती देतो म्हणाला. काम होईल, तुम्हा दोघांचे खरंच आभार. पण मन लागत नाहीये. बाबा आम्हाला लहानपणापासून सांगायचे, ही इटलीची. आईला अजून सांगितलेलं नाही.

गडवाटा
समीर, आजोबा इटलीत लढले ते या रायफलीवर अवलंबून नाही. त्यांचा सर्व्हिस नंबर घरात सापडतो का बघा, पेन्शनच्या कागदांवर किंवा पदकाच्या कडेवर. तो घेऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा, वारस असल्याचा पुरावा जोडा. कुठली बटालियन, कुठे होती, ते कळेल. आईला ते कागद दाखवा. आणि निवृत्त माणसाने स्वतःच्या पैशाने परवाना काढून रायफल घेतली, पोरांनी ती जपली, हीसुद्धा घरात सांगावी अशीच गोष्ट आहे.

ओंकार_घणसोली
माझे पणजोबा पण मराठा रेजिमेंटला होते. नंबर नसेल तर नुसत्या नावावरून शोधतात का?

गडवाटा
नाव, गाव, तालुका, वडिलांचं नाव, भरतीचं अंदाजे साल, एवढं तरी द्या. एकाच नावाची माणसं फार असतात. सविस्तर लिहितो, वेगळा धागा काढ.

कोपरीचा_समीर
एक राहिलं. बाबांच्या कपाटात जुन्या काडतुसांचा डबा आहे. त्याचं काय करू? नवा परवाना आला की त्यावर चढवता येतील ना?

थ्रीनॉटथ्री
समीर, ती आत्ता घरात नको. परवानाधारक नाहीत, म्हणजे काडतुसंही कोणाच्या परवान्यावर नाहीत, आणि कायदा दोन्हींना सारखाच लागतो. आधी दुकानदाराला आणि पोलीस ठाण्यात फोन करून कळवा, ते सांगतील तशीच न्या. आईला किंवा मुलांना हात लावू देऊ नका. घासणं-पुसणं नको, हिरवट झालेली असतील तरीही नको. जमा करताना बुडावरचा बोअरचा आकडा बघून नगांसकट पावतीवर लिहून घ्या, त्याच नव्या पावतीवर. आणि ती वापरायची ठरवू नका, इतकी जुनी दारू भरवशाची नसते. परवाना आला की नवी घ्या.

रजनी_ऐरोली
आणि पोलीस ठाण्यात कळवलंत त्याची पोच घ्या. तीही अर्जाला लावा.